सुभानाचा डावा हात

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्यासह डोंगरवाटेवरच्या एका गावी पोहोचले, तेव्हा वेशीपाशी वाद पेटला होता. त्या गावचा सुभाना नावाचा शिपाई लढाईत पडला होता. त्याच्या स्मरणार्थ गावाने वीरगळ, म्हणजे वीराचे युद्ध कोरलेली शिळा, उभा केला होता. तिथली रीत अशी की पहिला शेंदूर वीराच्या आईने लावावा. तो लागेपर्यंत शिळा केवळ दगड, आणि वीर पूजेविना. सुभानाची आई मात्र शेंदराच्या वाटीला हात लावायला तयार नव्हती.

"हा माझा सुभाना नव्हे," ती म्हणत होती. "ह्याच्या उजव्या हातात तलवार आहे. माझा लेक डावखुरा होता."

पाथरवट कावला. "अगं मावशे, सगळे वीर उजव्याच हातानं लढतात. माझा आजाही असंच कोरायचा."

"तुझ्या आज्यानं माझा लेक पाहिला होता का?"

पाटलांनी समजुतीचा सूर लावला. "डावा हात अशुभ, आक्का. पूजेच्या शिळेवर कसा चालेल? आणि डाव्या हातानं जेवतो म्हणून त्याला पळीनं बडवायचीस ती तूच ना?"

"बडवायचे. उभं गाव साक्षी आहे. माझ्या पळीला ज्यानं दाद दिली नाही, त्याला तुम्ही छिन्नीनं सरळ करताय होय?"

कोणी हसले, कोणी खाली पाहिले. अखेर निवाडा आचार्यांकडे आला. शिष्याला वाटले, ते शिळा नव्याने कोरायला सांगतील, नाहीतर आईचे सांत्वन करतील. आचार्यांनी वाटी उचलून तिच्यापुढे धरली.

"डाव्या हाताने लाव. यापुढे या शिळेला शेंदूर डाव्याच हाताने लागेल, लावणारा कोणीही असो."

म्हातारीने क्षणभर त्यांना निरखले, डावी बोटे वाटीत बुडवली आणि शिळेवर टेकवली. सवय नसल्याने शेंदूर वीराच्या नाकावरून ओघळला.

वेशीबाहेर येताच शिष्याला राहवेना. "आचार्य, आपण पाण्याचा पेलाही कोणाला डाव्या हाताने देत नाही. मग हे कसे? आणि दगडातली चूक तर तशीच राहिली."

"या वाटेवर वीरगळ किती पाहिलेस?"

"पुष्कळ."

"त्यांतल्या एका वीराचे नाव सांग."

शिष्य आठवू लागला.

"तलवारी सर्वांच्याच नीट कोरलेल्या होत्या," आचार्य म्हणाले. "शेंदराची पुटे चढली की दोन पिढ्यांत हात उजवा की डावा, हे चाचपूनही कळत नाही. सरावाचा विधी हात उरकतात आणि मन झोपी जाते. जो विधी खटकतो, त्याला मात्र प्रश्न चिकटतो. आणि त्या प्रश्नाचे उत्तर सुभानावाचून देता येणार नाही."

शिष्य काही बोलणार, तोच मागून सुभानाच्या लहानग्या लेकीचा आवाज आला.

"आजी, डाव्या हातानं का गं?"

"बस इथं." म्हातारी शिळेला पाठ लावून स्वतःच आधी टेकली. "तुझा बाप जेवायला बसला ना, की..."

आचार्य चालू लागले. शिष्य मात्र पुढचे ऐकण्यासाठी तिथेच थांबला.