बापूंनी लावलेलं दार

धरणाखालच्या एका गावात बापू घोरपडे आणि जुबेदा मुजावर मिळून बातम्यांची वेबसाइट चालवत. बातम्या बापूंच्या, तांत्रिक बाजू जुबेदाची.

एकदा आठवड्याभरात वाचकांचा आकडा दसपट झाला. बापूंनी चौकात पेढे वाटले. जुबेदाने पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही.

"बापू, सर्व्हरवरच्या नोंदी पाहिल्या मी. ही माणसं नाहीत. एका दमात शंभर पानं कोण वाचतं? हे क्रॉलर आहेत. पानं गोळा करत फिरणारे प्रोग्रॅम."

पेढे वाटून बसलेल्या माणसाला हे झोंबलं. "हाकल सगळ्यांना!"

"सगळ्यांना नको. यातले काही सर्च इंजिनचे आहेत. ते पानं पाहून जातात, म्हणून लोकांना आपली बातमी सापडते. 'मी सर्च इंजिनचा' असं कुणीही खोटं सांगेल, म्हणून प्रत्येकाचा इंटरनेटवरचा पत्ताच पडताळावा लागतो. संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

"यंत्रांची वकिली पुरे. लाव दार!"

जुबेदाने सगळ्याच क्रॉलरना दार लावलं. तिचंही चुकलंच. भांडायला हवं होतं.

महिन्याभराने धरणाचे दरवाजे उघडले. बापूंनी लगेच बातमी टाकली: गावाबाहेरचा पूल बंद. पण दार बंद असल्याने सर्च इंजिनला ती दिसलीच नाही. फोनवर शोधणाऱ्यांना त्याने दार लागण्याआधी टिपलेली बापूंचीच जुनी बातमी दाखवली: 'दुरुस्ती पूर्ण, पूल वाहतुकीस खुला.'

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. "दाजी, वऱ्हाड घेऊन निघालोय. पुलाचं तुमच्याच साइटवर वाचलं. दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवतोय होय आम्ही!"

"अरे, थांब! पूल..."

फोन कटला. पुन्हा लागेना.

बापूंनी मोटारसायकल काढली. पुलाशी पोचले तेव्हा टेम्पोची पुढची चाकं पुलावर चढत होती. त्यांनी गाडी आडवी घातली.

मेहुणा चिडून उतरला. "दाजी, मानपान राहिला म्हणून वाटेत अडवताय?"

त्याच क्षणी लोंढा आला आणि पुलाच्या मधल्या भागाचा कठडा उचलून घेऊन गेला. टेम्पोतल्या बायकांची गाणी थांबली.

बापू भिजलेल्या कपड्यांनीच परतले. "जुबेदा, दार उघड. एकेकाचा पत्ता बघू."

"आज वेळ किती देता?"

"लागेल तेवढा."

तात्पर्य: आलेल्या प्रत्येकाला वाचक समजणं हा मूर्खपणा, आणि चिडून प्रत्येकाला चोर ठरवणं हा त्याहून मोठा. दारात कोण आलंय ते आधी तपासा, मग पेढे वाटा किंवा कडी लावा.