तीन बोटे गाळ

एका डोंगराळ राज्यात निंबाजी नावाचा एक पेवकरी राहत होता. पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेला खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठे. पेव खणायचे, भरायचे, आणि रिकामे झाले की तोंडावरच्या झाकणाला मातीचा शिक्का लावायचा, हे त्याचे काम. निंबाजीचा शिक्का दिसला की कोणी आत वाकूनही पाहत नसे.

त्या राज्यात एक विलक्षण दगड सापडे. भट्टीत ठेवला की तो महिनोन्महिने उष्णता देई. पण वापरून झालेल्या दगडाचा जो चोथा उरे, त्यातून डोळ्यांना न दिसणारे किरण निघत. जवळ जाणाऱ्याची कातडी भाजे. तो चोथा पाण्यातून पोटात गेला, तर माणूस झिजून मरे. आणि हे किरण शेकडो वर्षे थांबत नसत. म्हणून राजाने गावाबाहेर जमिनीखाली लोखंडाच्या सात टाक्या बांधून घेतल्या होत्या. चोथा पाण्यात कालवून त्यांत सोडला जाई. तो आतल्या आत तापे, म्हणून टाक्यांच्या कडेने गार पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या होत्या.

पुढे दगड संपला आणि भट्ट्या बंद झाल्या. टाक्या मात्र गंजू लागल्या. तेव्हा राजाने आज्ञा केली, की टाक्यांतला सगळा चोथा उपसावा, वितळलेल्या काचेत मिसळून त्याचे ठोकळे करावेत आणि ते डोंगरातल्या कोरड्या खडकात बंद करून ठेवावेत. रिकाम्या टाक्या चुन्याने भराव्यात, पण निंबाजीचा शिक्का असल्याशिवाय एकीतही चुना ओतू नये. वरची जमीन चाळीस कुटुंबांना द्यायची होती. नदीने त्यांची वाडी वाहून नेली होती आणि ती माणसे काठावर झोपड्या घालून राहत होती.

निंबाजीने काम मनापासून केले. टाकीत उतरणे शक्यच नव्हते. शिशाच्या जाड पडद्याआड उभा राहून तो तोंडातून लांब काठी सरळ खाली सोडी. काठी कोरडी वर आली, की टाकी रिकामी. सहा टाक्यांवर त्याचा शिक्का बसला. चुना मात्र सातही झाल्यावर एकदमच ओतायचा होता.

सातवी टाकी उपसून झाली. काठी कोरडी आली. शिक्का लावण्याआधी ती एकदा धुवायची होती, म्हणून त्याने शंभर घागरी पाणी आत सोडले आणि सहज पुन्हा काठी टाकली. पाणी सात बोटे भरले.

निंबाजी चरकला. टाक्या नव्या होत्या तेव्हा गळतात का हे पाहायला त्यानेच त्यांत पाणी भरले होते. शंभर घागरींचे पाणी चार बोटे भरे. मग ही वरची तीन बोटे कुठून आली? आत कशाने तरी जागा अडवली होती.

त्याने लोहाराकडून टोकाला वाकवलेली एक सळई करून घेतली आणि ती टाकीच्या कडेने, नळ्यांखालून ओढली. सळई काळ्या, चिकट गाळाने माखून वर आली. मग त्याने पहिल्या टाकीचा शिक्का फोडून झाकण उचलले. तिथेही तेच निघाले.

चूक त्याच्या ध्यानात आली. पेवाचा तळ वाटीसारखा असतो. उरलेसुरले धान्य मध्यभागी घरंगळते, म्हणून मध्ये काठी टाकली की पुरते. या टाक्यांचा तळ सपाट होता आणि गाळ कडेला, नळ्यांखाली घट्ट बसला होता. चाळीस वर्षांच्या सवयीने तो टाकी मोजायला गेला होता आणि पेव मोजून आला होता.

तो तडक प्रधानाकडे गेला.

प्रधान म्हणाला, "निंबाजी, तीन बोटे गाळ! अरे, आमच्या घरच्या रांजणात याहून जास्त असतो."

"रांजणातला गाळ माणूस मारत नाही, सरकार."

"वरून चुना ओतला की कोणाला दिसणार आहे?"

"विहिरी खणतील त्यांना पाण्यातून बाधेल."

प्रधानाने आवाज खाली आणला. "सहा शिक्के तुझेच आहेत ना? मग लोक कोणाला हसतील?"

"मलाच हसतील. शिक्के माझे आहेत म्हणूनच मी आलो."

"मी दुसरा पेवकरी आणीन."

"जरूर आणा. त्याला मी माझी वाकडी सळई देतो."

निंबाजी बाहेर पडला. आपण उगाच तर घाबरत नाही ना, असे त्याच्या मनात दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा त्याला ती काळी सळई आठवली. त्याने नदीकाठच्या लोकांना टाक्यांपाशी बोलावले आणि त्यांच्यासमोर हातोडीने उरलेले पाचही शिक्के फोडले.

"माझे मोजणे चुकले होते," तो म्हणाला. "टाक्या रिकाम्या नाहीत. ही जमीन तुम्हाला घरांसाठी मिळू नये, असे मी राजाला सांगणार आहे."

लोक खवळले. अनसाबाई नावाची एक म्हातारी पुढे आली. झोपडीत तिची लेक बाळंतीण होती.

"तुझ्या डोईवर कौलं आहेत, बाबा! तुला काय जातंय मोजायला?" ती म्हणाली. "आधी म्हणालास रिकामी, आता म्हणतोस भरलेली. उद्या काय म्हणशील?"

"उद्या काय निघेल ते उद्या मोजून सांगेन, आक्का. आज जे आहे ते हे आहे."

"आणि आम्ही पावसात कुठं जायचं?"

निंबाजीने हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "तुझ्या लेकीला माझ्या घरी घेऊन ये. बाकीच्यांसाठी मी राजाकडे जातो."

शिक्क्यांशिवाय चुना ओतता येईना. राजापर्यंत गोष्ट गेली. राजाने शिशाच्या पडद्याआडून वाकडी सळई स्वतः पाहिली. मग चाळीस कुटुंबांना वरच्या माळावरची जमीन दिली. ती खडकाळ होती, पण तिथले पाणी टाक्यांच्या वाटेवर नव्हते. घरे उभी राहीपर्यंत भट्ट्यांच्या मोकळ्या पडलेल्या कोठारांत, दूरच्या बाजूला, त्यांची सोय झाली. लोक निंबाजीला पाहून तोंड फिरवत. तो मान खाली घालून कामाला जाई.

त्याने पाण्याच्या नळाचे तोंड वाकवून घेतले. त्याची धार नळ्यांखाली मारून तो गाळ सुटा करी आणि उपसे. एकेक टाकी तीनतीनदा धुतली. हात दुखू लागले, तेव्हा त्याने दोन गडी हाताशी घेतले. सगळ्यात खालचा नखाएवढा थर तरीही सुटेना. दीड वर्ष खपल्यावर त्याने तेही मान्य केले. तो थर चुन्यात पक्का बांधून टाकला आणि प्रत्येक टाकीवर दगड बसवला. त्यावर 'रिकामी' असे लिहिले नाही. लिहिले, 'तळाशी नखभर गाळ आहे. इथे विहीर खणू नका. घर बांधू नका.'

शेवटचा दगड बसला त्या दिवशी अनसाबाई माळावरून उतरून आली. तिने दगडाभोवती एक फेरी मारली.

"आता तरी तुझी खात्री झाली का रे, निंबाजी?"

"नाही झाली, आक्का. खालच्या झऱ्याचं पाणी दरवर्षी तपासावं लागेल."

"तुझ्यानंतर कोण तपासणार?"

निंबाजी दगडाशेजारी खाली बसला.

अनसाबाईने पदर खोचला. "मग बसलास काय? चल, झऱ्यावर. कसं तपासायचं ते मला नि माझ्या लेकीला दाखव."

तात्पर्य: काम संपले असे वाटते तेव्हा ते स्वतःच पुन्हा तपासावे, आणि चूक आपली निघाली तर आपला शिक्का आपल्या हाताने फोडावा. जे आपण झाकून ठेवतो, ते मागून येणाऱ्यांना भोगावे लागते. जे सांगून ठेवतो, ते त्यांना सांभाळता येते.