आत्याबाईंच्या दारची रास

खूप जुनी गोष्ट आहे, बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो. तेव्हा घड्याळं नव्हती, पण थंडी होती. आणि नव्या सुनांना जोखणाऱ्या बायकाही होत्याच.

उंच डोंगरावर एक गाव होतं. हिवाळ्यात तिथे रांजणातलं पाणी पहाटेपर्यंत घट्ट व्हायचं. म्हणून पावसाळा सरला की घरोघर सरपण फोडायची घाई उडायची. त्या गावात एक रीत होती. घरात नवी सून आली, की तिनं सासरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या दारी हिवाळ्याची लाकडं रचायची. मग बायका जमायच्या आणि पाटलीणबाई राशीला खांदा लावून ढकलायच्या. रास हलली नाही, तर सून हाताची पक्की. रास पडली, तर ते त्या सुनेला नातवंडं होईपर्यंत ऐकावं लागे.

त्या वर्षी गावात एकच नवी सून आली होती. ती बोलायची कमी, बघायची जास्त. तिच्या वाट्याला नवऱ्याची आत्या आली. आत्याबाई गावाच्या वरच्या अंगाला एकट्या राहायच्या. अंगानं सुकल्या खारकेएवढ्या. "आमच्याकडे चला" म्हटलं, की म्हणायच्या, "मी येईन रे, पण माझ्या चुलीला तिथे करमायचं नाही."

नवरा कुऱ्हाड चालवायचा, सून रचायची. आठ दिवस ती खपली. जाड ओंडके खाली, बारीक वर, फटीफटीत ढलप्या ठोकून बसवलेल्या. रास तिच्या डोक्याच्याही वर गेली.

"अगं, पुरे की," नवरा म्हणाला. "आत्या राहणार आहे इथे, राजा नाही."

"अहो, पाटलीणबाईंचा खांदा बघितलाय का तुम्ही?"

त्यानं बघितला होता. त्यानं पुन्हा कुऱ्हाड उचलली.

ठरल्या दिवशी पाटलीणबाईंनी पदर खोचला आणि राशीला खांदा दिला. रास हलली नाही. दुसरा खांदा दिला. पाटलीणबाईच थोड्या हलल्या. "भिंत आहे गं, भिंत!" बायका म्हणाल्या. आत्याबाईंनी सुनेच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सून घरी आली ती जमिनीपासून चार बोटं वरून चालत.

मग थंडी उतरली. सून रोज सकाळी अंगणातून वर बघायची. गावातल्या साऱ्या छपरांतून धूर निघायचा, वरच्या एका छपरातून मात्र नाही. पहिल्या दिवशी तिला वाटलं, आत्याबाई उशिरा उठल्या असतील. दुसऱ्या दिवशीही तसंच वाटून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिनं गरम आमटीचं भांडं पदराखाली धरलं आणि ती चढण चढली.

दारची रास जशीच्या तशी उभी होती. एक ढलपीसुद्धा कमी नव्हती.

आत आत्याबाई दोन घोंगड्या गुंडाळून बसल्या होत्या. आणि चुलीत मांजर निजलं होतं. राख गार असल्याशिवाय मांजर तिथे निजत नाही, एवढं सुनेला कळत होतं.

"आत्याबाई, चूल का नाही पेटवली?"

"पेटवते की. काटक्या वेचून आणते ना, कुंपणाजवळून. तीन दिवस दव फार पडतंय, ओल्या झाल्यात जरा."

"आणि दारात एवढी लाकडं आहेत ती?"

आत्याबाई आमटीच्या वाफेवर हात शेकत राहिल्या. मग म्हणाल्या, "वरची काढायला गेले, हात पोचेना. खालचं एक ओढून बघितलं, ते निघेना. जोर लावला असता तर निघालंही असतं गं. पण मग सगळीच खाली आली असती."

"येऊ द्यायची!"

"नाही पोरी. मी या गावाची लेक, आणि सूनही याच गावची. माझीही रास ढकलली होती तेव्हाच्या पाटलीणबाईंनी. पडली. साठ वर्षं झाली, अजून पाणवठ्यावर कुणाचा हंडा कलंडला की माझं नाव निघतं. तुझं नाव चांगलं झालंय. माझ्या भाताच्या आधणापायी ते कशाला मोडू?"

सून उठली. बाहेर आली, पदर खोचला, राशीच्या तळाशी एक ओंडका दोन्ही हातांनी धरला आणि पाय रोवून ओढला.

भिंत धाडदिशी खाली आली. आवाज खालच्या आळीपर्यंत गेला. मांजर चुलीतून उडालं, आणि घटकेत बायका धापा टाकत वर आल्या. सगळ्यांच्या पुढे पाटलीणबाई.

"पडली ना शेवटी!" त्या म्हणाल्या, आणि त्यांना फारसं वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

"मीच पाडली," सून म्हणाली. "ती तुमच्या खांद्यासाठी रचली होती. आता आत्याबाईंच्या हातासाठी रचते. या आत्याबाई, अशा उभ्या राहा. हात किती वर जातो?"

आत्याबाईंचा हात छातीपर्यंत गेला, पुढे कुरकुरला. सुनेनं तिथेच कोळशानं खूण केली. मग तिनं पडवीत, दाराला लागून, लाकडं सैलसर रचायला घेतली. नवऱ्याला बोलावून जाड ओंडके पुन्हा फोडून घेतले. प्रत्येक थर झाला की ती म्हणायची, "ओढून बघा." आत्याबाई एका हातानं एक लाकूड ओढायच्या. ते निघालं की पुढचा थर.

शेवटचं ओढलेलं लाकूड आत्याबाईंनी परत दिलं नाही. त्या आत गेल्या. थोड्या वेळानं छपरातून धूर निघाला.

बायका एकेक करून उतरल्या. पाटलीणबाई तेवढ्या मागे रेंगाळल्या. त्यांनी कोळशाच्या खुणेकडे बघितलं, स्वतःचा दुखरा खांदा चोळला आणि कुणी ऐकत नाही असं बघून म्हणाल्या, "सूनबाई, माझ्या पडवीकडे कधी येशील गं?"

पुढच्या वर्षीपासून त्या गावात रास ढकलून बघायची रीत उरली नाही. आता घरातलं म्हातारं माणूस एका हातानं एक लाकूड ओढतं. ते सहज आलं, की सून पक्की.

यातून घ्यायचं ते एवढंच: ज्याच्यासाठी करायचं, त्याच्या हाताला पोचेल असं करावं, बघणाऱ्यांच्या डोळ्यांत भरलेलं त्याची चूल पेटवत नाही.