मैलारीचा कोपरा

फार फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका, मोजणारं कुणी उरलेलं नाही. बोरवंड गावातून तालुक्याला जाणारी वाट तेव्हा काळ्या रानातून जायची आणि मध्ये तिला एक ओढा आडवा यायचा. ओढ्याच्या अलीकडच्या पट्ट्याला रुतवण म्हणत. उन्हाळ्यात तिथल्या भेगांत शेळीचं करडू अडकायचं, आणि श्रावण-भादव्यात त्याच जागी अख्खी बैलगाडी चाकाच्या आसापर्यंत आत जायची.

बोरवंडच्या रुतवणीकडच्या टोकाला मैलारी राहायचा. रुतलेली गाडी काढावी तर मैलारीनंच. त्याची रीत ठरलेली होती. आल्या आल्या तो गाडीवानाच्या हातातला चाबूक काढून घ्यायचा आणि बाभळीला टांगायचा. मग गाडीतल्या सगळ्यांना खाली उतरवायचा. पाटील असो, नवी नवरी असो, नाहीतर धोतर भरतं म्हणून कुरकुरणारा तलाठी असो, उतरायचं म्हणजे उतरायचं. बैल सोडून त्यांच्यापुढे वैरण टाकायचा आणि चाकाभोवतीचा चिखल हातांनी मोकळा करत बसायचा.

"चिखलाचा जीव कोंडलाय, म्हणून त्यो धरून ठिवतो," तो म्हणायचा. "त्याला जरा वारा पाजा. आपसूक सोडंल."

मग चाकाखाली तुराट्यांच्या पेंढ्या, आऱ्याला खांदा, आणि गाडी पुढे नाही, तर आली त्या वाटेनं मागे. घाई त्याला खपायची नाही. असं म्हणतात, की त्याचं पाऊल त्या चिखलात घोट्याच्या वर कधी गेलं नाही. असंही म्हणतात, की बारा बैलांना न हललेली कापसाची गाडी त्यानं चाकाला कान लावून, "सोड की आता," एवढंच म्हणून काढली. बैल बारा होते की चार, ह्यावरून भांडू नका. गोष्ट सांगताना एखादा बैल वाढतोच.

एवढं नाव झालं, की माणसाच्या डोक्यात थोडं शिरतंच. मैलारीच्याही शिरलं होतं. आपल्या डोळ्यांदेखत गाडी रुतून राहिली असं कुणी म्हणू नये, एवढीच त्याची हौस होती. त्या हौसेनंच घात केला.

त्याला एकच लेक होती, सोजर. लग्नानंतर सात वर्षांनी तिला दिवस गेले आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. भादव्यात तिचं पोट दुखू लागलं. दोन दिवस झाले तरी सुटका होईना, तेव्हा सुईणीनं हात टेकले.

"मूल आडवं हाय," ती म्हणाली. "दवाखान्यात न्या. आजच्या आज न्या."

मैलारीनं गाडी जुंपली. सोजरचं डोकं मांडीवर घेऊन तिची आई कोंडाबाई आत बसली, शेजारचे तिघं गडी बरोबर चालू लागले. आणि दुपारच्या वेळी, दवाखाना दीड कोसावर राहिलेला असताना, मैलारीची स्वतःची गाडी रुतवणीत बसली.

जन्मभर त्यानं सगळ्यांना गाडीतून उतरवलं होतं. सोजरला मात्र त्याच्यानं उतरवेना. कळांनी तळमळणारी पोर चिखलात कशी ठेवायची? ती गाडीतच राहिली, आणि गाडी तेवढी जड राहिली.

कोंडाबाई म्हणाली, "आवं, गाडी ऱ्हाऊ द्या. घरून बाज आणा. चौघं मिळून पोरीला चालत न्या."

"जरा थांब. आत्ता काढतो. मी काढली न्हाई अशी गाडी हाय का?"

बोलणं खोटं नव्हतंच. अशी गाडी खरोखर नव्हती. तो डावं चाक मोकळं करायचा तोवर उजवं बसायचं, उजवं उचलायचा तोवर डावं. सोजरनं एकदा मान उचलून विचारलं, "आबा, निघंल ना गाडी?"

"निघंल, माझी बाय. निघंल."

दिवस कलला तेव्हा गाडी निघाली. एक आरा मोडला नव्हता, बैलाला एक चाबूक लागला नव्हता. "निघाली गं!" मैलारी ओरडला. कोंडाबाईच्या मांडीवरची सोजर थंड पडत चालली होती, आणि पोटातलं मूलही तिच्याबरोबर गेलं होतं.

तिरडी उचलायच्या वेळी लोकांनी मैलारीला पुढे बोलावलं. तो उठला नाही. "जित्तेपणी उचलली न्हाई, आता कंच्या तोंडानं खांदा देऊ?" एवढं बोलला आणि मातीत कपाळ टेकून रडला. कोंडाबाईनं त्याला कधी बोल लावला नाही. तिनं लावला असता तर बरं झालं असतं, असं त्याला मरेपर्यंत वाटत राहिलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं घरातली बाज डोक्यावर घेतली आणि रुतवणीच्या काठाला, लिंबाखाली नेऊन ठेवली. पुढची बारा वर्षं तो त्या बाजेशेजारी बसून होता. गाड्या काढायचा, पण गाडीत आजारी माणूस असलं की चाकाकडे बघायचादेखील नाही. "आधी माणूस उचला," म्हणायचा. "गाडी कुठं पळून जाती?"

मग एका भादव्यात हिवरा गावची एक गाडी तिथं रुतली. आत अडलेली बाई होती. त्या सकाळी बाजेशेजारी मैलारी नव्हता, आणि बाईबरोबर गडी होते तीनच. त्यांनी तसंच तिला बाजेवर घातलं आणि तीन कोपरे उचलले. चौथा कोपरा खाली जायला हवा होता. तो गेला नाही. असं म्हणतात, की चिखल गड्यांच्या मांडीला लागला तरी बाज पाळण्यासारखी सरळ राहिली, आणि दवाखान्याच्या दारात जाऊन टेकली. बाईला मुलगी झाली, दोघी जगल्या. गडी परतले तेव्हा बोरवंडात मैलारीची तिरडी बांधणं चाललं होतं. तो पहाटेच गेला होता. बाजेच्या चौथ्या कोपऱ्यावर ओल्या चिखलाचा हात उमटला होता, असं म्हणतात.

आता त्या वाटेला जीपगाड्या येतात, ट्रॅक्टर येतात. ओढ्यावर पूल झाला, एका पुरात वाहूनही गेला. परगावचा ड्रायव्हर अजून तिथं गाडी घालतो, चाकं जागच्या जागी गरगर फिरवतो आणि आणखी आत जातो. मग बोरवंडची माणसं त्याला खाली उतरवतात, इंजिन बंद करायला लावतात आणि म्हणतात, "आता वारा पाजा." दर भादव्यात घरटी हातभर दोरी येते आणि लिंबाखालची बाज नव्यानं विणली जाते. गाडीत अडलेली बाई असली तर गाडी तिथंच सोडून बाज उचलतात. भोवती दहा माणसं असली, तरी उचलतात तिघंच. बाई कुठल्याही गावची, कुठल्याही घरची असो, तेवढ्या वाटेपुरती ती मैलारीची लेक असते, आणि बापाच्या खांद्याची जागा तिथं कुणी घेत नाही.