सगुणाची वाटी आणि खंड्या घोडा

पोरांनो, आधीच सांगतो, गोष्टी सांगणं हे माझं काम नव्हे. तुमची आजी बसली लेकीकडे जाऊन, आणि जाताना मला म्हणाली, "पोरं गोष्टीशिवाय झोपत नाहीत हो." मग मी काय करू? पाय आत घ्या. गप्प पडा. एकदाच सांगेन.

तर काय झालं, तुरेगड नावाचं एक राज्य होतं. तिथला राजा म्हातारा, आणि त्याला एकच लेक, सगुणा. त्या राज्यात पाऊस पडतच नसे. थेंबसुद्धा नाही. मग पाणी यायचं कुठून? तर त्याची एक रीत होती, बरं का. दर दसऱ्याला राजानं गडावरच्या झऱ्यातून रुप्याची वाटी काठोकाठ भरायची, घोड्यावर बसायचं, आणि तीन कोसांवरच्या शिवेच्या दगडावर नेऊन ती ओतायची. वाटीत जेवढं पाणी पोचेल तेवढं वर्षभर विहिरींत. वाटी भरलेली तर विहिरी भरलेल्या. वाटी अर्धी तर विहिरी अर्ध्या. पायी का नाही न्यायची? नाही न्यायची. रीत आहे. मध्ये बोलू नको.

मग राजाचे गुडघे गेले, आणि वाटी सगुणाच्या हातात आली. आता ही सगुणा कशी, तर पोक काढून बसणारी. खांदे कानाला, हनुवटी छातीला. घोड्यावर बसली की ज्वारीचं पोतं टाकल्यासारखी दिसायची. पहिल्या वर्षी अख्खी रयत रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी राहून ओरडत होती, "पोरी, वाटीकडे बघ! वाटीकडे बघ!" तिनं बघितलं. डोळे वाटीतून काढलेच नाहीत. आणि शिवेला पोचली तेव्हा वाटीत पाणी उरलं होतं अर्धं.

मग पौषातच विहिरी तळाला गेल्या. बाया करवंटीनं पाणी खरडून घागरी भरायला लागल्या. लोक म्हणाले, "पुढच्या दसऱ्यालाही असंच झालं, तर आम्ही आपले देव उचलतो आणि दुसऱ्या मुलखात जातो." सगुणानं जेवणच सोडलं.

मग प्रधानानं डोकं चालवलं. तिच्या पाठीला फळीच बांधली. "आता बघू कशी वाकते!" वाकली नाही खरी. पण घोडा दोन पावलं चालला आणि ही फळीसकट खाली, उताणी. झुरळ पडतं ना, तशी.

मग ती पागेत जाऊन रडत बसली. पागेत खंड्या नावाचा पांढरा घोडा होता. राजाला वीस वर्षं शिवेवर त्यानंच नेलेलं, आणि गेल्या दसऱ्याला हिलाही. तो म्हणाला, "रडून झालं की सांग." त्या काळी घोडे बोलायचे. आता का नाही बोलत? ऐकतंय कोण!

सगुणा म्हणाली, "खंड्यादादा, माझ्यानं नाही व्हायचं."

"होईल. पण मला पाठीवर माणूस पाहिजे, पोतं नको. उद्या पहाटे ये. ती फळी चुलीत घाल."

मग पहिला धडा. खंड्यानं रिकिबी काढायला लावल्या. रिकीब म्हणजे पाय ठेवायची कडी, बरं का. पाय लोंबते सोडायचे, टाचा खाली, आणि नुसतं सावकाश चालायचं. खंड्या खेकसायचा, "टाचा खाली! अडकित्त्यात सुपारी धरल्यासारखी मला काय आवळतेस?" महिनाभर हेच. रोज पडायची, रोज चढायची. मांड्या सोलल्या, पण पडणं थांबलं.

मग दुसरा धडा, दुडकीचा. दुडकीत घोडा उडवतो. अंग ताठ धरलं की हाडन् हाड वाजतं. खंड्या म्हणाला, "कंबर सैल सोड. कशी, ते विहिरीवरच्या बायांना बघून ये." सगुणा विहिरीवर जाऊन बसली. बाया चढ चढत होत्या. डोक्यावर घागर, कडेवर पोर, आणि कंबर अशी झोपाळ्यावाणी. ती परत आली, तशीच कंबर सोडली, आणि दुडकी गोड लागायला लागली.

मग तिसरा धडा. वाटी हातात घेतली. घेतली मात्र, मान खाली, खांदे वर, पोक हजर! पाणी सांडलं. खंड्या थांबला.

"त्या बाया घागरीकडे बघतात का गं?"

"डोक्यावरची घागर दिसेल कशी?"

"मग सांडत का नाही?"

सगुणानं वाटीवरून डोळे काढले. मग तिनं मान वर केली आणि खंड्याच्या दोन कानांमधून लांब वाटेकडे बघितलं. मान वर गेली तसे खांदे आपोआप खाली आले. पाठ सरळ झाली, फळी न बांधता. त्या दिवशी थेंब सांडला नाही.

मग दसरा उजाडला. पहिल्या कोसावर रयत ओरडली, "वाटीकडे बघ!" तिनं बघितलं नाही. दुसऱ्या कोसावर उतार लागला, खंड्याचा पाय दगडावरून घसरला. तिची कंबर झुलली, हात जागचा हलला नाही. तिसऱ्या कोसावर प्रधान वळणावर उभा. तो किंचाळला, "बाईसाहेब, वाटी कलली! सांडतंय! बघा तरी!" सगुणाची मान वळायला लागली. खंड्यानं कान टवकारले. मग तिनं त्या दोन कानांमध्ये शिवेचा दगड धरला, आणि सोडला नाही.

दगडापाशी खंड्या थांबला. तेव्हा कुठं तिनं खाली बघितलं. वाटी काठोकाठ! तिनं असा लांब श्वास सोडला आणि रडूच फुटलं. एक टिपूस वाटीत पडलं, आणि एक थेंब काठावरून दगडावर ओघळला. मग तिनं वाटी ओतली.

मग काय! विहिरी बुडबुडायला लागल्या, पायऱ्या चढून पाणी वर आलं. आणि तो एक जादा थेंब? त्याचा गडाखाली ओढा झाला. तुरेगडात त्याआधी ओढा कुणी पाहिलाच नव्हता. पोरं कपड्यांसकट आत शिरली. म्हातारा राजा गुडघे धरून काठावर बसला आणि म्हणाला, "सुटलो बाबा." प्रधान म्हणाला, "वाटी कलली नव्हती वाटतं." खंड्या ओढ्यावर पोटभर पाणी प्याला आणि आठ दिवस कुणाशी बोलला नाही.

तर ते सगळे न्हाऊन, पिऊन, खाऊन सुखात राहिले. तुम्हीही कुशीवर वळा आणि डोळे मिटा. घोड्यातलं मला जे कळतं ते हे असं कळतं. आणि 'ह्या म्हाताऱ्याला घोड्याचं तोंड कुठलं, शेपूट कुठलं तेही कळत नाही' असं चार माणसांत बोलून अजून माझी माफी न मागितलेला माणूस एकच आहे. आमचा व्याही, नारबा.