ठकूबाईच्या मळ्यातून पाय न धुता जायचं

या, चपला इथंच काढा. हो, बूटसुद्धा. आणि ओ पाव्हणे, मोजे घालून मळ्यात शिरायचा विचार असला तर तुम्ही बाहेरूनच बघा. तो नळ आहे, पाय धुऊन घ्या आणि मग वर चढा.

हाच ठकूबाईचा मळा. दोन गुंठे, जास्त नाही. चहूबाजूंनी बारा-बारा मजले उठले आणि मधे हा असा बसलाय, रस्त्यापेक्षा गुडघाभर उंच, गादीवर गादी घालून बसलेल्या शेठाणीसारखा. आता मान वर करा. नीट करा, काही होत नाही मानेला, मी त्र्याऐंशीची आहे, मी करते. प्रत्येक गॅलरीत एक फुटकं मडकं दिसतंय ना? कशात मेथी, कशात घेवडा, कशात कांद्याची पात. आमच्या पेठेचा कुंभार धड मडकं विकतच नाही. गिऱ्हाइकासमोर आधी टिचवतो, मग हातात देतो.

हे असं का, ते सांगते. मी काही बघितलेलं नाही. माझ्या सासूनंही बघितलं नव्हतं, पण सांगायची अशी की जणू भाजी निवडायला हीच बसली होती.

फार जुनी गोष्ट. पेठ तेव्हा नुकती वाढायला लागली होती. व्यापारी आले, विणकर आले, कासार आले. येईल त्याला घर हवं, म्हणून नदीच्या अलीकडचे मळे एकेक करून घरांखाली गेले. भाजी येऊ लागली नदीपलीकडून, नावेतून. नावा होत्या भानशेटच्या. भानशेट म्हणजे पेठेचा शेट्या, त्याच्या शब्दापुढं कुणाचं चालायचं नाही. नदीच्या अलीकडं मळा उरला एकच, ठकूबाई माळणीचा. विधवा बाई, मूलबाळ नाही, जे काय होतं ते ही माती. शेण, राख, पालापाचोळा घालघालून तिनं ती अशी काळी केली होती की, म्हणे, काठी रोवली तर काठीला पालवी फुटायची.

आणि बाई चिक्कू! बी कुणाला द्यायची नाही. वांगं द्यायची ते देठ काढून. जगात माणसं येताना पाय धुतात, तिच्या मळ्यातून जाताना धुवायला लागायचे. ती तांब्या घेऊन बांधावर उभी. "धू. टाच राहिली. बोटांच्या मधलं काढ. माझी माती तुझ्या बापानं नाही केली." ते पाणीही मळ्यातच जिरायचं.

एका श्रावणात नदी चढली ती उतरेचना. चाळीस दिवस नाव नाही. पेठेत हिरवं पान दिसेना, लोक डाळ आणि मीठ खाऊन कंटाळले, लेकरांची तोंडं आली. ठकूबाईच्या मळ्यातलं आठ दिवसांत संपलं. नदी उतरल्यावर भानशेट चावडीवर म्हणाला, "दोन गुंठ्यांत पेठ जेवते होय? आणखी दोन नावा घालू आणि मळ्याच्या जागी दुकानांची ओळ बांधू." लोकांनी माना हलवल्या. भुकेलेला माणूस नावेकडंच बघणार.

ठकूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. भैरोबाच्या पायरीवर हात आपटून बोलून गेली, "यंदाच्या भोगीला पेठेतल्या एकूण एक चुलीवर माझ्या मातीतली भाजी शिजेल. एक चूल जरी राहिली तरी मळा तुझा!"

तोंडातून निघालं ते निघालं. घरी जाऊन तिनं चुली मोजल्या. एकशे चाळीस.

तुम्ही हसता. पेठसुद्धा हसली. ठकूबाई मात्र नवरात्रभर मळ्यात बसून राहिली. इंचाइंचाला बी टोचलं तरी चाळीस चुलींपुढं हिशेब जाईना. देवीला नवस बोलावा तर काय बोलावा? देण्यासारखं एकच होतं आणि तेच तर वाचवायचं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती मडकं आणायला कुंभारवाड्यात गेली. तिथं धोंडाई कुंभारणीच्या परसात, भट्टीत तडकलेल्या मडक्यात, घेवड्याचा वेल. शेंगांनी लगडलेला. ठकूबाईनं मडक्यात बोट घातलं, माती चोळली, हुंगली, आणि ओरडली, "चोरटे! ही माझी माती!"

धोंडाई काही कमी नव्हती. म्हणाली, "तुझीच गं बाई. मागच्या आखाडात तू शिंकायला वळलीस, तेवढ्यात मी तशीच पळाले. घरी येऊन पाय या मडक्यात खरवडले. आणि घेवड्याचा दाणा तुझ्याच भाजीत आला होता, जून निघाला म्हणून ह्यातच टाकला."

"दे माझी माती परत!"

"घे की. पण आधी शेंगा खाऊन जा. श्रावणात नाव नव्हती तेव्हा माझ्या लेकरांनी ह्या वेलाचाच पाला खाल्ला."

ठकूबाई वेलाकडं वळली. एक शेंग मोडली, कच्चीच चावली. मग, असं सांगतात, ती हसायला लागली, आणि धोंडाईला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी ठकूबाईनं स्वतःच्या मळ्यात कुदळ घातली. उभं पीक उपटलं आणि माती पाटीत भरली. हे सोपं समजू नका. माती गेली की मळा गेला. पैज हरली असती तर हातात ना जागा ना माती. धोंडाईनं परसातली सगळी फुटकी मडकी काढून दिली, सात पिढ्यांची. दोघी दारोदार फिरल्या. दारात मडकं ठेवायचं, माती ओतायची, आणि ठकूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा लोकांच्या हातावर बी ठेवायचं. सासू सांगायची, पहिल्या घरी तिची मूठ उघडेचना, धोंडाईनं एकेक बोट सोडवलं. वर लोकांना दम, "खरकटं पाणी ह्यात घाल. राख घाल. आणि वेल वाळवलास तर तुझ्या दारात येऊन बसेन, जेवायलाच!"

मळ्याचा झाला खड्डा. गुडघाभर, असं लोक सांगतात. माझी सासू कमरेइतका सांगायची. मी गळ्याइतका सांगते.

एकशे एकोणचाळीस घरं झाली. राहिलं भानशेटचं. तिथं देवडीवरच्या माणसानं दोघींना पाटीसकट हाकललं. भानशेट माडीवरून म्हणाला, "एक चूल राहिली, माळणबाई." पायरीवर तिचा शब्द ऐकून त्यानं लगेच पैज कबूल केली होती ती ह्यासाठीच. पैज त्याच्या स्वतःच्या चुलीवर अडकली होती, आणि पलीकडून भाजीची एक नाव त्यानं खास भोगीसाठी सांगून ठेवली होती.

त्या दिवसांत भानशेटची आई काठी टेकत मळा बघायला आली, म्हणे. म्हातारी खड्ड्यात उतरली, फिरली, वर आली. ठकूबाई सवयीनं तांब्या घेऊन पुढं झाली, पाणी ओतायला वाकली, आणि तशीच थांबली. का थांबली ते कुणाला माहीत नाही. दमली असेल. तिनं तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "जा तशाच, आत्याबाई. आता काय राखायचंय?" म्हातारी मातीच्या पायांनी घरी गेली.

भोगी आली. अख्खी पेठ भानशेटच्या मागं निघाली. घरोघरी झाकण उघडायचं, वास घ्यायचा, पुढं जायचं. कुठं घेवडा-वांगं, कुठं चाकवत, कुठं नुसतीच मेथी, एका घरी पाच शेंगा आणि बाकी शेंगदाण्याचं कूट, पण होतं. एकशे एकोणचाळीस झाकणं झाली. मग भानशेट स्वतःच्या सैपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहिला आणि हसून म्हणाला, "आता माझी चूल बघा."

झाकण काढलं. पलीकडच्या वांग्या-गाजरांची भाजी, तेलाचा तवंग. ठकूबाईनं डोळे मिटले.

तेवढ्यात आतून काठी वाजली. म्हातारी म्हणाली, "भान्या, पळी खाली घाल की. वरवरचं काय बघतोस?"

त्यानं पळी घातली. खालून मेथी वर आली. हिरवीगार, मूठभर.

"ही कुठली?"

"तुळशीच्या मागं लावली होती. पायाला माती लागली होती माझ्या, ती झाडली तिथं. आणि डोळे कसले वटारतोस? लहानपणी तुझं तोंड आलं होतं तेव्हा ह्याच मळ्याचा पाला चुरून तुला चाटवला मी. नाव तेव्हा कुठं होती तुझी?"

पेठ जी हसली, ती म्हणे नदीपलीकडं ऐकू गेली. भानशेटनं मात्र मान खाली घातली, पाटावर बसला आणि ती भाजी पुसून खाल्ली. बाजरीच्या तीन भाकऱ्यांशी. तेवढं श्रेय त्याला देऊ या.

मळा राहिला, पण होता तो खड्डा. ठकूबाई संक्रांतीच्या सकाळी काठावर येऊन बसली, तर समोरून धोंडाई. हातात मूठभर माती, मडक्यातली, राख-शेण खाऊन आणखी काळी झालेली. "घे गं तुझी चोरलेली." तिच्यामागं विणकर, कासार, सगळी पेठ, प्रत्येकाची एक मूठ. भानशेटनं पाटी आणली, डोक्यावरून. दुपारपर्यंत खड्डा भरला, आणि लोक थांबेचनात. म्हणून हा मळा रस्त्यापेक्षा उंच.

आजही भोगीला भाजी चुलीवर चढली, गॅसवर म्हणा, की मडक्यातली एक मूठ माती इथं आणून घालायची. बाराव्या मजल्यावरची माणसंसुद्धा येतात, लिफ्टवाला बोंबलतो. वर्षभर घरोघरची सालं-देठं इथंच कुजतात, आणि गुरुवारी बांधावर बाजार भरतो तो गच्चीवरच्या आणि शहराबाहेरच्या मळ्यांतल्या भाजीचा. मागं पूर आला, पूल आठ दिवस बंद होता. तेव्हा आमच्या पेठेत कुणाचं तोंड आलं नाही. ही जागा मागायला कितीजण येतात. आम्ही त्यांना सांगतो, या भोगीला, झाकणं उघडून बघा.

आणि इथून जाताना पाय धुवायचे नाहीत. नळ फक्त येताना.

काय म्हणता ताई, गाडी नवी आहे? रुमालानं पुसलेत पाय? बघितलं मी. रुमाल पर्समध्येच टाकलात ना? मग हरकत नाही. निघाली माती तुमच्याबरोबर.