तांब्याचा तळ

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांसारखे बोलत आणि दरबारी पोपटासारखे, दर्पसेन नावाचा राजा होता. वाड्यासमोर त्याचे तळे होते. एके दिवशी त्याला कळले, की तळ्याचे पाणी जमिनीखालून झिरपत लोकांच्या विहिरींत जाते.

"चोरी!" राजा गरजला.

"चोरीच, महाराज," प्रधान म्हणाला. मान डोलावणे हीच त्याची नोकरी होती.

मग कालजंघ जादूगाराने तळ्याच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. खिळे तीन; राजा, प्रधान आणि जादूगार यांनी एकेकावर म्हटलेला मंत्र एकच: पाणी राजाचे.

विहिरी आटल्या. गावातल्या गोदाऊ नावाच्या बाईचा विड्याच्या पानांचा मळा करपला. एकच वेल हिरवा उरला. पुढे तळेही आटले. आळ अर्थातच विहिरींवर आला. त्या बुजवायचा हुकूम सुटला आणि राजा सर्वांत आधी गोदाऊच्याच मळ्याकडे निघाला.

कोरड्या विहिरीच्या काठावरून टिटवी गोदाऊला म्हणाली, "डोंगरातलं पाणी भुईखालून तळ्यात येतं आणि तळ्यातून विहिरीत जातं. शहाण्यांनी जायची वाट बंद केली, ती यायचीही वाट होती. मंत्र ज्या तिघांचा, त्यांच्याकडूनच तो मोडव."

राजा, प्रधान आणि जादूगार तिघे आले, घसा कोरडा करून. गोदाऊ शेवटची घागर घेऊन वेलापाशी उभी होती.

"जादूगारबुवा, घोटभर देते. पाणी कुणाचं?"

"राजाचं नाही," कालजंघ पुटपुटला. तळ्यात पहिला खिळा उडाला.

प्रधानाने राजाची पाठ आपल्याकडे आहे हे पाहून घेतले आणि जन्मात प्रथमच मान आडवी हलवली. दुसरा खिळा उडाला.

राजाने हात पुढे केला. "आण इकडे. राज्यातलं सगळं पाणी माझं."

"मग तळ्यातलंच प्या की, महाराज! का विहिरीने तेही ढापलं? माझा मळा जाळलात, वर मलाच चोर म्हणता?" तिने घागर वेलावर कलती केली.

"थांब!"

"कुणाचं?"

राजाने ओठ चाटले. "माझं नाही."

तिसरा खिळा उडाला. पत्रा टराटरा फाटला. जमिनीखाली काहीतरी घुमले आणि विहिरीत पाणी चढू लागले.

गोदाऊने उरलेली घागर वेलालाच घातली. "आता विहिरीतलं प्या. रांगेत."

राजा रांगेत उभा राहिला. मंत्र मोडला, तळे भरले, वेलाला नवी पाने फुटली.

मग दरबाराने दवंडी पिटली, की महाराजांच्या कृपेने पाणी परतले. पाणी ती ऐकायला थांबले नाही. ते विहिरींकडे निघाले होते.